शेवटचा गडी येईपर्यंत

मित्रांनो, घरोघरी एक खण असतो. त्यात तुटके चार्जर, संपलेले सेल आणि कुठल्या कुलपाच्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या असतात. त्या खणाच्या तळाशी हात घातलात तर माझा एखादा भाऊबंदही सापडेल. मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला आहे, पाठीचे झाकण रबराने आवळले आहे, आणि मला चालू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात तुमचे दात घासून होतील. तरीही मी खणात नाही. मी एका टेबलावर असतो, रोज चार्ज होतो, आणि माझ्या डोक्यावर भिंतीतल्या खिळ्याला एक शिट्टी टांगलेली आहे.

मी काही श्रीमंताघरचा नव्हे. कारखान्यात माझा जन्म झाला त्याच दिवशी शेजारच्या पट्ट्यावरून माझ्यापेक्षा हुशार फोन पुढे सरकत होते. दुकानातही मला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले होते. तिथून एका कॉलेजातल्या मुलीने मला उचलले. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिने माझ्यावरून मैत्रिणींशी तासन्‌तास गप्पा मारल्या, परीक्षेचे निकाल धडधडत्या छातीने पाहिले, आणि आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून मला घट्ट धरून ठेवले. आई गेली तेव्हा मी तिच्या मुठीतच होतो. पुढे तिने नवा फोन घेतला. मला वाटले, झाले, आता आपला खण आला.

पण ताईच्या डोक्यात एक खेळ शिरला होता. चार माणसांनी चार ठिकाणी बसून आपापल्या फोनवर मिळून खेळायचा खेळ. वडिलांच्या घराची पुढची खोली हाच तिचा कारखाना. दोन टेबले, एक कुरकुरणारा पंखा आणि वायरींचे जंजाळ. जोडीला तिचा एक मित्र होता. त्याला सगळे काही कालच हवे असायचे. चहासुद्धा तो उकळायच्या आधी गाळायचा. ताईच्या वडिलांनी त्याचे नाव घाईमास्तर ठेवले आणि तेच पडले.

ताईचे वडील म्हणजे आप्पा. शाळेत मुलांना खेळ शिकवून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. लेकीला जेवायला बोलवायचे तरी शिट्टी, दार वाजवायचे तरी शिट्टी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "यांच्या घरी कुकरला काम नाही." शाळेत आप्पांचा एक नियम होता. लांब पल्ल्याची शर्यत असली की पहिला गडी पोचला म्हणून ती संपत नसे. शेवटचा गडी, मग तो धापा टाकत, लंगडत, रडत का येईना, रेषेच्या आत आला की मगच शिट्टी. तोवर पहिला आलेल्यानेही मैदान सोडायचे नाही. पोरे वैतागत. आप्पा म्हणत, "एकट्यानं पळायचं असेल तर घरी पळ की! इथे आपण सगळे मिळून पळतोय."

ताईचा खेळ याच नियमातून निघाला. एक होडी, चार वल्ही, चार खेळाडू. अंगठ्याने काच दाबली की वल्हे पाण्यात पडे. चौघांची लय जुळली तर होडी सुसाट, आणि एकाचे जरी चुकले तरी ती जागच्या जागी गोल फिरे. एक फेरी चहाचा कप गरम असेतो संपायची. खेळताना बोलायची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. घाईमास्तर म्हणाला, "अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला शिव्या." त्याचे खोटे नव्हते. म्हणून होडीत फक्त तीन खुणा होत्या. टाळी वाजवणे, जीभ काढून दाखवणे आणि निरोपाचा हात हलवणे.

आणि माझे काम? मी त्या खोलीतला 'ढ' होतो. टेबलावर चकचकीत फोनांची रांग असायची, पण काहीही नवे केले की ताई ते आधी माझ्यावर चालवून बघायची. घाईमास्तराने एकदा पाण्यावर चांदणे पाडले. सुंदर होते, नाही म्हणत नाही. पण मी तापलो, अडखळलो आणि थिजून गेलो. ताईने चांदणे काढून टाकले. घाईमास्तर माझ्यावर दात-ओठ खात म्हणाला, "ताई, या ठोकळ्यापायी आपण खेळ भिकारी करायचा का?" ताई म्हणाली, "ज्याच्याकडे हा ठोकळा आहे, त्यालाही होडीत जागा पाहिजे." मित्रांनो, ढ म्हणवून घेण्यात कसला आला मोठेपणा, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या एका मुलासाठी गुरुजी धडा पुन्हा सांगतात, त्याच्यामुळे अख्ख्या वर्गाला धडा येतो. माझी छाती तेव्हा फुगलेली होती. आता नुसती बॅटरी फुगलेली आहे.

खेळता खेळता एखाद्याचे नेट गेले किंवा कोणी उठून गेला, की होडी नांगर टाकायची. त्याची जागा रिकामी दिसायची. बाकीचे तिघे थांबायचे. तो आला की नांगर उचलून पुन्हा निघायचे. आप्पांनी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा नुसती शिट्टी फुंकली आणि चहा टाकायला आत गेले.

खेळ लोकांना आवडला. इतका, की लांबच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने तो घेतला आणि ताईला व घाईमास्तरालाही तिकडे बोलावले. पुढची खोली रिकामी झाली. चकचकीत फोन खोक्यात बसून गेले. मला मात्र ताईने आप्पांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "आप्पा, रोज संध्याकाळी होडीत भेटायचं. चुकवायचं नाही."

आप्पांनी जन्मभर पोरांना खेळायला शिकवले, पण होडीत मात्र ते नापास होते. डावे वल्हे त्यांचे. ते नेहमी किंचित उशिरा पडायचे. वळण आले की घाबरून पाठोपाठ दोनदा पडायचे. फेरी संपली की हात हलवायची खूण ते दाबून धरायचे. त्यामुळे इतरांचा हात एकदा हलून थांबे, आप्पांचा हलतच राही. ताई पलीकडे त्या हाताकडे बघत बसायची. असे ती एकदा सुट्टीत आली तेव्हा मी ऐकले.

शिवाय आप्पा मध्येच उठायचे. जागा रिकामी दिसली की ताई माझ्यावरच फोन लावायची.

"आप्पा, कुठे गेलात?"

"अगं, दूध उतू चाललं होतं."

"गेलं का उतू?"

"गेलं. तू फोन केलास ना, बघत राहिलो."

मग दुधावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून उडालेल्या दिव्यावर, दिव्यावरून ताईच्या रात्रीच्या जेवणावर गोष्टी जायच्या. होडी तिकडे नांगरावर. त्या होडीतले बाकीचे दोघे बिचारे अनोळखी. त्यांना काय ठाऊक, बापलेकीचे काय चालले आहे! एका संध्याकाळी त्यांतल्या एकाने, त्याने स्वतःचे नाव 'वादळ' ठेवले होते, आप्पांना जीभ काढून दाखवली. पुन्हा दाखवली. पुन्हा दाखवली.

"कोणाचं पोरगं आहे देव जाणे, मला जीभ दाखवतंय!" आप्पा ताईला म्हणाले आणि हसले. पण दुसऱ्या दिवशी होडीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ताईने विचारले तेव्हा म्हणाले, "माझ्यापायी लोकांचा खोळंबा होतो गं. तुम्ही खेळा तरणी पोरं." ज्या माणसाने शेवटच्या गड्यासाठी सगळी शाळा उन्हात उभी केली, त्याला स्वतः शेवटचा गडी व्हायची लाज वाटली.

तिकडे कंपनीत घाईमास्तर बरेच दिवस एकच पालुपद लावून होता. होडी थांबली की लोक वैतागून खेळ सोडतात. त्यापेक्षा गेलेल्याच्या जागी एक बदली गडी बसवू. माणूस नव्हे, नुसती संगणकाची करामत. तो गेलेल्याचे वल्हे मारील, माणूस परतला की बाजूला होईल, आणि बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. ताईने इतके दिवस त्याला उडवून लावले होते. आता मात्र तिला आप्पांचे रिकामे वल्हे दिसत होते. ती म्हणाली, "करू या."

आणि ताईला अर्धवट काम करताच येत नाही. सुट्टी काढून ती घरी आली. आप्पांना खुर्चीत बसवले, मला त्यांच्या हातात दिले आणि दिवसभर खेळायला लावले.

"आप्पा, नेहमीसारखं खेळा."

"नेहमीसारखं म्हणजे वाईट?"

"हो, अगदी तस्संच."

बदली गडी आप्पांचे वल्हे शिकला. किंचित उशीर शिकला, वळणावरचे घाबरणे शिकला. ताईने घाईमास्तराला फोनवरून होडीत बोलावले आणि विचारले, यातले आप्पा कधी आणि बदली कधी? त्याला सांगता येईना. "पण शेवटचा हातही शिकवलास?" त्याने विचारले. ताई म्हणाली, "शिकवला. नाहीतर ओळखू येईल ना. मग पुन्हा कोणीतरी जीभ दाखवेल." बदली गडी खेळत असला की फक्त गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर कोपऱ्यात एक टोपीचे चित्र उमटायचे. बाकी कोणाला काही दिसायचे नाही. आप्पांच्या बाबतीत ती टोपी फक्त मला दिसणार होती.

आप्पा खुशीत होडीत परतले. आता ते निवांत उठायचे, दूध उतरवायचे, खिडकी लावायचे, सावकाश परत यायचे. 'वादळ' त्यांना टाळ्या वाजवू लागले. सगळे छान झाले, फक्त माझी घंटी वाजेनाशी झाली. जागा रिकामी दिसतच नव्हती, मग ताई फोन कशाला करील? "रोज भेटतोच की होडीत," असे तीही म्हणायची, आप्पाही म्हणायचे. गुडघ्याचे काय झाले, दिवा बदलला का, हे विचारायचे राहून जाऊ लागले. दिवा बदललेला नव्हता, मित्रांनो. स्वयंपाकघरात अंधारच होता.

आता पुढचे सांगायला मला जड जाते, पण सांगतो.

त्या दिवशी आप्पा नेहमीसारखे दिवेलागणीला मला घेऊन बसले. होडी निघाली. त्यांचा अंगठा जरा गार लागला मला. थोडे खेळून त्यांनी मला टेबलावर ठेवले, छाती चोळली आणि "पाणी पितो" असे स्वतःशीच म्हणून खुर्चीला धरत आत गेले. आत पेला पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड पडल्याचा.

माझ्या काचेच्या कोपऱ्यात टोपी उमटली.

होडी चालू राहिली. डावे वल्हे किंचित उशिरा पडत राहिले. वळण आले, ते पाठोपाठ दोनदा पडले. आतून शिट्टी वाजली, अगदी बारीक. थोड्या वेळाने आणखी एकदा. होडीत ताईची टाळी उमटली, कारण वळण छान साधले होते. तिसऱ्यांदा शिट्टी वाजेल म्हणून मी कान लावून होतो, पण ती वाजली नाही.

मी फोन आहे, मित्रांनो. हाक मारणे एवढ्याचसाठी माझा जन्म. ताई माझ्या काचेवर होती, वल्हे मारत होती, बोटभर अंतरावर. आणि तिला हाक मारायला मला कोणाचे तरी बोट हवे होते. माझ्याइतका मुका प्राणी त्या संध्याकाळी जगात दुसरा नसेल. फेरी संपली. बदली गड्याने आप्पांचा हात हलवला, तसाच, न थांबता. ताईने उलट हात हलवला आणि ती गेली. तिच्या मते आप्पा मजेत होते. माझी बॅटरी संपेपर्यंत तो हात माझ्या काचेवर हलत होता.

सकाळी हाका मारूनही दार उघडेना, म्हणून शेजारच्या काकूंनी माणसे गोळा केली. आप्पा तेव्हाही जिवंत होते. दवाखान्यात नेता नेता गेले. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच आणले असते तर कदाचित वाचले असते. ताई पोचली तोवर ते सगळे होऊन गेले होते.

घर माणसांनी भरले होते. काकू ताईला जवळ घेऊन रडत म्हणाल्या, "पोरी, मी शिट्टी ऐकली गं. दिवे लागायच्या सुमाराला. मला वाटलं, रोजच्यासारखे तुझ्याशी खेळतायत. एरवी कधी वाजवत नसते, तर उठून आले असते."

ताईचे रडणे एकदम थांबले. "दिवे लागायच्या सुमाराला?" तिने विचारले. मग तिने मला शोधले, चार्जरला लावले आणि मी चालू होईपर्यंत माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिली. मी उजळताच तिने होडी उघडली, ती शेवटी होती तिथेच होती. तोच हात, आणि कोपऱ्यात टोपी.

ती फार हळू म्हणाली, "मी टाळी वाजवली."

घाईमास्तर दारात उभा होता. त्याच्या हातात चपला तशाच होत्या. जन्मात पहिल्यांदाच त्याला कसलीही घाई नव्हती. तो पुढे येऊन तिच्याजवळ बसला आणि तिच्यासारखाच माझ्याकडे बघत राहिला.

परत गेल्यावर ताईने बदली गडी काढून टाकायचे ठरवले. यावेळी तिने मलाही सोबत नेले आणि शिट्टीही. कंपनीतले मोठे लोक म्हणाले, होडी थांबू लागली की खेळाडू कमी होतील. घाईमास्तर ताडकन उठला. मला वाटले, आता हा त्यांची री ओढणार. तो म्हणाला, "होऊ देत कमी. एक माणूस गेला आणि आम्ही ते कोणाला कळू दिलं नाही. असला खेळ मला नको." बदली गडी गेला. होडी पुन्हा नांगर टाकू लागली. रिकामी जागा पुन्हा रिकामी दिसू लागली. टाळी, जीभ आणि हात यांच्या जोडीला ताईने चौथी खूण दिली, हाक. कोणी गप्प झाला तर उरलेल्यांनी ती दाबायची. मग त्याचा फोन वाजतो, आणि तो उत्तर देईना तर त्याने आधीच सांगून ठेवलेल्या घरच्या माणसाचाही वाजतो. आणि फेरी संपल्याची शिट्टी, ती आप्पांचीच शिट्टी आहे. चारही गडी जागेवर असल्याशिवाय ती वाजत नाही.

खेळाडू कमी झाले, हे खरे. 'वादळ'सुद्धा बरेच दिवस दिसले नाही. मग एका संध्याकाळी ते आले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबले.

मध्यंतरी एका मुलीचा ताईला निरोप आला. तिचे आजोबा वल्हे मारता मारता गप्प झाले. होडीतल्या तिघांनी हाकांवर हाका मारल्या. शेवटी तिचा मामा कामावरून धावत घरी गेला, दार जवळजवळ तोडलेच. आजोबा खुर्चीत बसून घोरत होते. झोपमोड केली म्हणून त्यांनी मामाला, नातीला आणि खेळ बनवणाऱ्यालाही यथेच्छ शिव्या घातल्या.

ताईने ते घाईमास्तराला मोठ्याने वाचून दाखवले आणि दोघे पोट धरून हसले. हसता हसता ताईने टेबलावर डोके टेकले. "आप्पाही असेच रागावले असते रे," ती म्हणाली. "नुसतं रागावून घ्यायला मिळालं असतं मला." मग ती खूप रडली.

मित्रांनो, मी ढ आहे. चांगला खेळ कोणता, हे सांगायची माझी योग्यता नाही. चांदण्याने खेळ चांगला होतो की वेगाने, हे हुशार फोनांना विचारा. मला एवढेच कळते, की ज्या खेळात आपण नसलो तर कोणाचे तरी अडते, तो खेळ मिळून खेळलेला. ज्यात आपण नसतानाही सगळे सुरळीत चालते, तिथे आपण होतो तरी कधी? म्हणून माझी एक विनंती ऐका. तुमच्यासोबत खेळणारा कोणी अचानक गप्प झाला, तर त्याला जीभ दाखवू नका. हरलात तरी चालेल, पण त्याला हाक मारा. आणि घरात एखादे म्हातारे माणूस तुमच्याशी रोज हात हलवून निरोप घेत असेल, तर मधूनमधून त्याचा आवाजही ऐका. स्वयंपाकघरातला दिवा लागतो का, तेही विचारा.

ताई अजून रोज संध्याकाळी मला चालू करते. माझ्यावर एक होडी उघडते, तिच्या स्वतःच्या फोनवर तीच होडी उघडते, आणि वल्हे न मारता थोडा वेळ बसते. डावी जागा रिकामी असते. होडी नांगरावर असते. मग ताई दिवा लावून कामाला लागते, आणि होडी तशीच उघडी ठेवते. आप्पा अजून आलेले नाहीत, त्यामुळे आमची शिट्टी वाजलेली नाही.